जुन्या फोर-बाय-फोर गाडीत एसी बसवणं आणि त्याचं वायरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या जीप आणि तत्सम गाड्या जिवापाड जपणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. निम्म्या प्रश्नांचा सूर एकच असतो: ‘दोनदा गॅस भरला, तरी गार होत नाही.’ अशा गाड्या उघडून पाहिल्या की गॅस बहुतेक वेळा पुरेसा असतो. कमी पडलेली असते कंडेन्सरवरून (गॅसची उष्णता बाहेर सोडणाऱ्या जाळीवरून) जाणारी हवा, नाहीतर कॉम्प्रेसरला बेल्टशी जोडणारा चुंबकी क्लच आणि पंखे यांच्यापर्यंत पोचणारा करंट. म्हणून खाली पंखे आणि वायरिंगला जास्त जागा दिली आहे.

१. माझ्या गाडीत मूळचा एसी कधीच नव्हता. बसेल का?

बहुतेक गाड्यांत बसतो. आधी तीन गोष्टी तपासा. इंजिनाच्या बाजूला कॉम्प्रेसर आणि त्याचा बेल्ट मावेल का? रेडिएटरपुढे कंडेन्सरसाठी निदान दोन-अडीच इंच जागा आहे का? आणि आज, एसी नसताना, चढावर इंजिनाचं तापमान काबूत राहतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर आधी रेडिएटर, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट यांचं काम करून घ्या. कंडेन्सरची सगळी गरम हवा त्याच रेडिएटरमधून जाणार आहे.

२. नेमके कोणते भाग लागतात?

कॉम्प्रेसर आणि त्याचा ब्रॅकेट, कंडेन्सर आणि त्याचा पंखा, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, ब्लोअरसह कूलिंग कॉइल, होजपाइप, प्रेशर स्विच, कॉइलचा थर्मोस्टॅट, आणि वायरिंग. होजचा आतला व्यास साधारण असा असतो: ड्रायरकडून कॉइलकडे जाणारा ८ मिमी, कॉम्प्रेसरमधून कंडेन्सरकडे जाणारा १० मिमी आणि कॉइलकडून परत येणारा १३ मिमी. होज बॅरियर प्रकारचाच घ्या. जुन्या साध्या रबरी होजमधून आर-१३४ए, म्हणजे एसीत भरायचा गॅस, हळूहळू झिरपतो.

ड्रायर उभाच बसवा आणि त्याची टोपणं अगदी शेवटी, व्हॅक्यूम लावण्याच्या दिवशीच काढा. उघडा ठेवलेला ड्रायर हवेतली ओल शोषून घेतो आणि काम सुरू होण्याआधीच निकामी होतो.

३. युनिव्हर्सल किट घेऊ की दुसऱ्या गाडीचे भाग जमवू?

कूलिंग कॉइल आणि ब्लोअर किटमधले चालतात. डॅशखाली लटकणारं युनिट जुन्या गाडीला शोभतंही. कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट मात्र तुमच्या इंजिनासाठीच बनवलेला हवा. तो नुसत्या पत्र्याचा केला तर थरथरून तडकतो. पट्टी जाड हवी, दोन दिशांनी आधार हवा आणि तो इंजिनालाच बोल्ट केलेला हवा. इंजिन रबरावर डोलतं, त्यामुळे चेसिसला बांधलेला कॉम्प्रेसर बेल्ट टिकू देत नाही.

कॉम्प्रेसरची पुली आणि क्रँकची पुली एका रेषेत आहेत का, हे सरळ पट्टी लावून बघा. २–३ मिमीचा फरकही बेल्ट खातो. वेगाचा हिशेबही आधीच करा. क्रँकची पुली १५० मिमी आणि कॉम्प्रेसरची १२५ मिमी असेल, तर कॉम्प्रेसर इंजिनाच्या १.२ पट फिरेल: ७०० आरपीएमच्या आयडलिंगला ८४०, आणि ४००० ला ४८००. या वर्गातल्या कॉम्प्रेसरांची मर्यादा साधारण ६००० च्या आसपास असते, म्हणजे हे गणित सुरक्षित आहे. जोरात फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनात मात्र ते जपूनच करावं लागतं.

४. इंजिनावर किती भार पडेल? गाडी ओढणार नाही का?

कॉम्प्रेसर चालू असताना साधारण ३ ते ५ अश्वशक्ती खातो. ६०–७० अश्वशक्तीच्या इंजिनात हे चढावर नक्की जाणवतं. त्यामुळे तीव्र चढावर हाताशी येईल असा एसी स्विच हवा. आयडलिंगचा प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी १३ वा प्रश्न पाहा.

५. कंडेन्सर कुठे बसवायचा? छतावर किंवा गाडीखाली चालेल का?

रेडिएटरपुढे, रेडिएटरच्या जितका जवळ बसेल तितका चांगला. दोहोंमध्ये फट राहिली तर कडेला फोमची पट्टी लावून ती बंद करा, नाहीतर हवा सोपी वाट धरते आणि कंडेन्सरला वळसा घालून जाते. गाडीखाली बसवलेला कंडेन्सर दगड आणि चिखल झेलतो, त्यामुळे मी तो सल्ला देत नाही. छतावरचा चालतो, पण होज लांब होतात आणि त्याचे पंखे पुरेसे मोठे लागतात.

प्रकारात पॅरलल-फ्लो कंडेन्सर घ्या. जुन्या नळी-आणि-पत्रीच्या प्रकारापेक्षा तो तेवढ्याच जागेत बरीच जास्त उष्णता सोडतो, आणि आर-१३४ए ला ते हवंच असतं.

आता पंखा. महामार्गावरच्या गाडीला वेगामुळे आयती हवा मिळते. तुमची गाडी खडकांतून ताशी ५ किलोमीटरने चढते तेव्हा सगळी हवा पंख्यानेच ओढायची असते. इंजिनाच्या मूळ पंख्याला श्राउड, म्हणजे भोवतीचं पत्र्याचं आवरण, नसेल तर आधी तो बसवा. श्राउड नसलेला पंखा रेडिएटरच्या मधल्या गोलातूनच हवा ओढतो आणि चारही कोपरे कोरडे राहतात. अनेक गाड्यांत एवढ्या एका पत्र्याने गेजवरचा दाब उतरलेला मी पाहिला आहे. त्यानंतर कंडेन्सरपुढे इलेक्ट्रिक पंखा लावा आणि तो कोणत्या दिशेला हवा फेकतो हे कागद धरून तपासा. पुढचा पंखा मागे ढकलणारा हवा. उलटा जोडला तर तो इंजिनाच्या पंख्याशी भांडत बसतो.

६. माझा अल्टरनेटर पुरेल का?

कागदावर बेरीज करा. ब्लोअर पूर्ण वेगाला साधारण १४ अँपिअर, कंडेन्सरचा पंखा १०, क्लच ४: एकूण २८. यात ५५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे ९, इग्निशन आणि इंधन पंपाचे ५, वायपरचे ५ मिळवा. पावसाळी रात्री ४७ अँपिअर लागतात, आणि बॅटरी चार्ज करायला अजून काही उरायला हवं. २०–२५ अँपिअरचा डायनॅमो किंवा ३५ चा जुना अल्टरनेटर इथे टिकणार नाही. ६५–७० चा बसवा. अल्टरनेटरवरचा आकडा भरपूर आरपीएमचा असतो, आयडलिंगला तो बराच कमी देतो, हेही लक्षात घ्या.

डॅशवर अॅमीटर असेल तर नीट वाचा. जुन्या गाड्यांत बॅटरीत जाणारा-येणारा करंट त्या छोट्या मीटरमधूनच जातो. ३० अँपिअरपर्यंतच्या मीटरमागे ७० चा अल्टरनेटर जोडला तर मीटरमागचे स्क्रू तापतात आणि डॅशमागे आग लागू शकते. अल्टरनेटरकडून जाड वायर थेट बॅटरीकडे न्या, मध्ये फ्यूज ठेवा आणि अॅमीटरऐवजी व्होल्टमीटर लावा. जुना मीटर शोभेसाठी जागेवर राहू द्या.

७. वायरिंग नेमकं कसं करायचं? जुन्या फ्यूजबॉक्समधून घेतलं तर?

जुन्या फ्यूजबॉक्समधून आणि इग्निशन स्विचमधून एसीचा करंट अजिबात नेऊ नका. ते जेवढ्या भारासाठी बनले होते तेवढा तिथे आधीच आहे. एसीचं वायरिंग पूर्ण स्वतंत्र करा. जुन्या गाडीकडून घ्यायचा तो फक्त एक पातळ ‘इग्निशन चालू’ इशारा.

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच मुख्य फ्यूज, ४० अँपिअरचा. तिथून जाड वायर बॉनेटखालच्या कोरड्या जागी लावलेल्या छोट्या फ्यूजबॉक्सकडे. तिथे तीन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच): ब्लोअर, क्लच, पंखा, प्रत्येकाचा फ्यूज वेगळा. रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनवर फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वरून भाराकडे जाणारी, ८५ आणि ८६ ही आतल्या गुंडाळीची टोकं. ८७ए मोकळं सोडा आणि त्यावर टेप लावा. रिलेला करंट नसताना ३० तिथेच जोडलेलं असतं, त्यामुळे उघडी पिन चेसिसला लागली तर फ्यूज उडतो.

आता इशाऱ्याची साखळी. इग्निशनच्या अशा टोकापासून सुरू करा जे स्टार्टर फिरताना बंद होतं. तिथून ५ अँपिअरचा फ्यूज आणि मग ब्लोअरचा स्विच. ब्लोअर चालू नसेल तर पुढे काहीच चालू होता कामा नये, नाहीतर कॉइलवर बर्फ धरतो. ब्लोअरच्या पुढे एसीचं बटण, त्यापुढे कॉइलचा थर्मोस्टॅट, त्यापुढे प्रेशर स्विच, आणि शेवटी क्लचच्या रिलेची ८६. ८५ अर्थला, म्हणजे गाडीच्या चेसिसला. ही सगळी साखळी एका रांगेत असते. कोणतीही एक कडी तुटली की क्लच सुटतो, आणि नेमकं तेच हवं असतं. या साखळीत फक्त रिलेच्या गुंडाळीचा करंट वाहतो, तो पाव अँपिअरही नसतो, त्यामुळे स्विच वर्षानुवर्षं टिकतात.

पंख्याच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: क्लचबरोबर पंखा चालू झालाच पाहिजे. दाब वाढल्यावर पंखा सुरू करण्याची सोय रस्त्यावरच्या गाडीला ठीक आहे, पण सावकाश चढणाऱ्या गाडीत पंखा आधीपासून फिरत असावा. इंजिन तापल्यावरही तोच पंखा चालावा असं वाटत असेल, तर तापमानाच्या स्विचसाठी चौथा रिले लावा आणि दोन्ही रिलेंच्या ८७ पंख्याशी एकत्र जोडा. इशाऱ्याच्या दोन वायरी थेट एकमेकींना जोडल्या, तर करंट उलटा जाऊन तापमानाचा स्विचच क्लच चालू करतो. तापलेल्या इंजिनावर अजून भार टाकण्यासारखंच ते आहे.

सगळी वायर कोरुगेटेड स्लीव्हमधून न्या, पत्र्यातून जाताना रबरी ग्रॉमेट लावा, आणि दर वीतभरावर बांधा. खडबडीत रस्त्यावर लोंबती वायर महिन्याभरात घासून उघडी होते. जोड क्रिंप करा, त्यावर चिकट आवरण असलेली हीट-श्रिंक चढवा. नुसत्या सोल्डरचा जोड कंपनांनी कडेला तुटतो.

८. वायर किती जाड घ्यायची?

तांब्याच्या वायरीत किती व्होल्ट वाया जातात ते काढणं सोपं आहे: ०.०१७२ ला मीटरमधल्या लांबीने आणि अँपिअरने गुणा, आणि चौरस मिमीमधल्या जाडीने भागा. समजा ब्लोअर १५ अँपिअर घेतो आणि जाण्या-येण्याची वायर मिळून ६ मीटर आहे. २.५ चौरस मिमीच्या वायरीत ०.६२ व्होल्ट जातात, ४ च्या वायरीत ०.३९. म्हणून ब्लोअर आणि पंख्याला ४, क्लचला १.५, इशाऱ्याच्या साखळीला ०.७५ ते १, आणि मुख्य वायर १० चौरस मिमी. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालू नका, कारण शोधा. पंखा सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट करंट घेतो, एवढी सवलत मात्र फ्यूज निवडताना ठेवा.

९. क्लच कधी चिकटतो, कधी घसरतो. नवीन क्लच घेऊ का?

आधी मीटर लावा. एसी चालू, इंजिन चालू, आणि क्लचच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १३.८ असेल आणि क्लचवर अर्ध्या व्होल्टहून जास्त तूट असेल, तर दोष वायरिंगचा आहे. चुंबकाची पकड साधारण करंटच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १२ ऐवजी १०.५ व्होल्ट मिळाले की पकड जवळजवळ पाव हिश्शाने घटते, क्लच घसरतो, तापतो, आणि खरंच जळतो. मग लोक नवीन क्लच घेतात आणि तोही जळतो.

बहुतेक वेळा चोर अर्थमध्ये सापडतो. अनेक क्लचची दुसरी बाजू कॉम्प्रेसरच्या अंगातून अर्थ होते. रंगवलेला ब्रॅकेट आणि इंजिन-चेसिसमधली गंजलेली पट्टी असेल, तर करंट परतणार कसा? ब्रॅकेटपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत स्वतंत्र वायर टाका. व्होल्टेज ठीक असेल तर क्लचच्या दोन चकत्यांमधली फट मोजा. साधारण ०.४ ते ०.८ मिमी हवी. झिजून ती वाढली तर गरम झाल्यावर क्लच ओढलाच जात नाही. शिम (मधली पातळ चकती) काढून ती पुन्हा बसवता येते.

१०. एसी बंद करताना रेडिओत खट्ट होतं. काही बिघडेल का?

बिघडू शकतं. क्लचची गुंडाळी बंद होताना क्षणभर मोठं उलट व्होल्टेज सोडते. रिलेचे कॉन्टॅक्ट त्याने जळतात, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं असेल तर त्यालाही धोका असतो. क्लचच्या दोन टोकांना आडवा एक डायोड जोडा, पट्टीचं टोक पॉझिटिव्हकडे. १एन४००७ चालतो, त्याहून दणकट १एन५४०८. उलटा जोडला तर सरळ शॉर्ट होईल, म्हणून दोनदा बघा. काही क्लचमध्ये तो आतच असतो.

११. प्रेशर स्विच बायपास केला की एसी चालतो. तसाच ठेवला तर?

ठेवू नका. गॅस गळून दाब साधारण २ बारच्या खाली गेला की तो स्विच क्लच सोडतो, कारण कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नाही तर तेल नाही, आणि कॉम्प्रेसर काही मिनिटांत जाम होतो. दुसऱ्या टोकाला दाब ३० बारच्या आसपास गेला की तोच स्विच होज फुटण्यापासून वाचवतो. बायपासने चालतोय याचा अर्थ स्विच काहीतरी सांगतोय. गेज लावून ऐका.

१२. जुन्या आर-१२ सिस्टिममध्ये आर-१३४ए घातला तर चालेल?

नुसता घालून नाही. आर-१२ ओझोनच्या थराला मारक असल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर बंद होत गेला, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून गाड्यांत आर-१३४ए आला. आर-१२ बरोबरचं खनिज तेल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही, म्हणून जुनं तेल काढून एस्टर तेल किंवा कॉम्प्रेसरच्या पत्रकात सांगितलेलं पीएजी तेल घालावं लागतं. सगळे ओ-रिंग आणि ड्रायर बदला. गॅस जुन्या वजनाच्या साधारण ८० ते ९० टक्के भरा. उरलेला आर-१२ हवेत सोडू नका, मशीनने काढून घ्या. बऱ्याच देशांत तो सोडणं गुन्हा आहे.

ज्वलनशील स्वयंपाकाच्या गॅसचे प्रयोग करायला सांगणारे भेटतील. केबिनमध्ये कॉइल गळली तर काय होईल, याची कल्पना करून नकार द्या.

१३. एसी लावला की आयडलिंगला इंजिन थरथरतं किंवा बंद पडतं.

आयडल-अप लावा. कार्ब्युरेटर असेल तर व्हॅक्यूमवर चालणारा छोटा अॅक्च्युएटर, डिझेलमध्ये पंपाच्या लीव्हरला ओढणारा. त्याचा सोलेनॉइड क्लचच्याच वायरीवरून चालतो, म्हणजे क्लच लागला की रेस थोडी वाढते. नुसता स्क्रू फिरवून कायमची रेस वाढवली तर उतारावर इंजिनाचा ब्रेक कमी मिळतो, आणि ऑफ-रोडला तोच तर भरवशाचा असतो.

१४. गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम किती वेळ लावायचा?

निदान ३० ते ४५ मिनिटं, आणि पंप बंद केल्यावर अर्धा तास काटा हलता कामा नये. व्हॅक्यूमचा हेतू हवा काढण्याइतकाच ओल उकळवून काढण्याचा आहे. २५ अंशांना पाणी उकळायला दाब साधारण २४ मिमी पाऱ्यापर्यंत उतरावा लागतो. थंडीत त्याहूनही खाली, म्हणून थंड दिवशी जास्त वेळ द्या. राहिलेली ओल एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठते: एसी दहा मिनिटं गार करतो, बंद पडतो, परत सुरू होतो.

गळती शोधायला कोरडा नायट्रोजन वापरा. आर-१३४ए मध्ये दाबाची हवा कधीही मिसळू नका, दाबाखाली ते मिश्रण पेट घेऊ शकतं. गॅस वजनावर भरा, आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या.

१५. गेजवर सगळं बरोबर, कॉइल गार, पण केबिन गार होत नाही.

आधी हीटरचा व्हॉल्व्ह पाहा. जुन्या गाड्यांत तो पूर्ण बंद होत नाही आणि गरम पाणी हीटरमधून वाहत राहतं. एसी गार करतो, हीटर शेजारीच तापवतो. हीटरकडे जाणारा पाइप क्लॅम्पने दाबून दहा मिनिटं फरक बघा. त्यानंतर फटी: पेडलभोवतीचे रबर, गिअर लीव्हरचे बूट, ट्रान्स्फर केसच्या लीव्हरखालचं भोक. तिथून इंजिनाची गरम हवा थेट पायावर येते. जमिनीवर आणि फायरवॉलवर उष्णतारोधक थर घाला. कॅनव्हासच्या गाडीत आतून दुसरं अस्तर लावलं तर फरक पडतो, पण पत्र्याच्या गाडीची बरोबरी होत नाही, हे आधीच मान्य करून काम करा.

१६. पाण्यातून गाडी नेताना एसीचं काय?

पाण्यात शिरण्याआधी बंद करा. फिरणारा पंखा पाण्यात बुडला की पाती पुढे वाकतात, आणि रेडिएटर किंवा कंडेन्सर फाडतात. माझ्या पहिल्या गाडीत हे झालं, आणि घरी यायला तीन तासांऐवजी दीड दिवस लागला. तेव्हापासून प्रत्येक गाडीत मी पंख्याच्या रिलेच्या ८५ ला अर्थ देणाऱ्या वायरीत एक वेगळा बंद-स्विच घालतो, तापमानाचा रिले असेल तर त्याच्याही. रिले आणि फ्यूजबॉक्स बॉनेटखाली जितक्या उंचावर बसेल तितका बसवा, पिना खाली तोंड करून. बाहेर आल्यावर काही मिनिटांनी एसी लावा.

कॉइलचं पाणी बाहेर टाकणारी नळी जमिनीतून खाली येते, तिच्या टोकाला चपटा रबरी व्हॉल्व्ह लावा. तो नसेल तर नदीचं पाणी आणि धूळ उलट वाटेने आत येते.

१७. धुळीच्या रस्त्यांवर काय काळजी घ्यायची?

केबिनमधलीच हवा फिरवा आणि कॉइलच्या तोंडाशी धुता येईल अशी जाळी लावा. चिखल वाळण्याआधी कंडेन्सर मागून पुढे, साध्या पाण्याने धुवा. जोरदार प्रेशरने पत्र्या आडव्या होतात.

१८. माझी गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चेसिसला जोडलेलं आहे. वरचं सगळं उलटं करायचं का?

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बऱ्याच ब्रिटिश गाड्या अशा होत्या. माझा सल्ला: आधी गाडी निगेटिव्ह अर्थ करा, मग एसी. बॅटरी उलटी जोडणं, इग्निशन कॉइलच्या आणि अॅमीटरच्या वायरी अदलाबदल करणं, डायनॅमो ठेवणार असाल तर त्याला नवीन ध्रुव देणं, एवढंच काम आहे. सहाव्या प्रश्नात सांगितलेला अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थवरच चालतो, त्यामुळे हे टळत नाही. पॉझिटिव्ह अर्थवर क्लच तसा चालेल, पण पंखा आणि ब्लोअर उलटे फिरतील आणि डायोड शॉर्ट होईल.

१९. आणि ६ किंवा २४ व्होल्टची गाडी?

दुसऱ्या महायुद्धातली विलिस एमबी ६ व्होल्टची, नंतरची लष्करी एम३८ मात्र २४ व्होल्टची. ६ व्होल्टवर एसीचा विचार सोडा, गाडी १२ वर आणा. २४ वर तेवढ्याच कामाला करंट निम्मा लागतो, वायरिंग सोपं होतं, फक्त क्लच, पंखे, ब्लोअर आणि रिले सगळे २४ चे घ्या. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट काढू नका. ती सतत रिकामी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन खराब होते.

२०. बेल्टची कटकट नको. इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर लावू का?

१००० वॅटचा कॉम्प्रेसर १२ व्होल्टवर ८३ अँपिअर घेतो, पंखे वेगळे. सहाव्या प्रश्नातल्या बेरजेत तो मिळवून पाहा. मोठा अल्टरनेटर आणि जास्तीची बॅटरी बसवायची तयारी असेल, किंवा इंजिन बंद करून रात्री गाडीत झोपायचं असेल, तर त्याला अर्थ आहे. नुसत्या प्रवासासाठी बेल्टचा कॉम्प्रेसरच बरा, आणि त्याचा बेल्ट बदलायला जंगलातही दोन स्पॅनर पुरतात.